शिकरा उजवीकडे का गेला

विकास नगर, लखनौ
रविवार, २० ऑक्टोबर १९९६

सत्यजित,

तुझं खोकं पोचलं. एक कोपरा दबला होता, आतलं सामान शाबूत आहे. याहून बरं काही त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही.

याला तुमच्या अमेरिकेत किट म्हणतात? सगळे भाग मी जेवणाच्या टेबलावर मांडले आणि मला अक्षरशः शिसारी आली. लाकूड कापलंय की चेचलंय? पंखाच्या बरगड्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. अंगाच्या दोन्ही बाजू जाडजूड प्लायच्या; रेडिओवर उडणारं विमान करायचंय की पंगतीचे पाट, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पंख दोन्हीकडून इतके वर उचललेले की समोरून बघितलं तर कुणीतरी हात वर करून शरण आलंय असं वाटतं. आणि हे म्हणे 'स्पोर्ट' विमान! सोबत गुळगुळीत कागदाचं पुस्तक, त्यात दर दोन पानांनी एक दात काढून हसणारा माणूस. त्या माणसाचा तर मला पहिल्या पानापासून वीट आला.

पण खरा संताप आला तो तुझ्या चिठ्ठीचा. सात वर्षांत तुझ्या अक्षरातली मला आलेली पहिली ओळ, तीही पेन्सिलीने : 'बाबा, हे आहे तसंच जोडा. काही बदलू नका.' खुशाली नाही, पत्र नाही. कारखान्यात तेहतीस वर्षं विमानांचे सुटे भाग तपासून मी निवृत्त झालो. मॉडेलं बनवायला लागलो तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता. आणि मला हुकूम, की काही बदलू नका.

आता मुद्द्याचं. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी खोलीतच होतो. हातात वर्तमानपत्र होतं, ते नुसतं धरलेलं होतं. फोन ठेवून ऋचा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तुझी बहीण आता मराठीत फक्त आईशी भांडते, माझ्याशी भांडायचं तर हिंदी. म्हणाली, "भैया ने कहा है, बाबा ने उस दिन चार लोगों के सामने जो बोला था, वो वापस लें। तभी आएगा शादी में।"

लग्न १६ फेब्रुवारीला आहे, हे तुला तिने सांगितलंच असेल. वेदांत मुलगा चांगला आहे, कानपूरला बँकेत आहे, माझ्यासमोर गरजेपेक्षा जास्त हसतो. लाजाहोमाला मुलीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊ लागतो. मी म्हटलं, मिरजेहून माधव येतोच आहे, चुलत का होईना भाऊच, तो करील. तर ती म्हणाली, "नहीं बाबा। भैया नहीं आया तो वो जगह ख़ाली रहेगी। सब लोग देखें।" तुझी आई शेजारी वाटाणे सोलत होती. ती काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा ती कुणाच्या बाजूला आहे हे मला कळतं.

तेव्हा नीट ऐक. मी शब्द परत घेत नाही. मॉडेल विमानांच्या आपल्या क्लबाचा वार्षिक दिवस होता, प्रमुख पाहुणे समोर बसले होते, मी सहा महिने खपून बनवलेलं विमान, माझा शिकरा, तुझ्या हातात होता आणि आठ सेकंदांत तो जमिनीत घुसला. रागाने मी म्हणालो, "इसके हाथ में तो पतंग भी मत देना।" पतंगांच्या या लखनौमध्ये हे ऐकून घेणं किती जड जातं ते मलाही कळतं. पण विमान तुझ्याच हातात होतं ना?

खोकं परत पाठवणार होतो. तुझ्या आईने त्याची दोरी फेकून दिली.

बाबा


रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

सत्यजित,

खोकं परत करणं जमलं नाही, म्हणून त्याला माणसात आणायचं ठरवलं. तुझ्या चिठ्ठीला न जुमानता काय काय बदललं ते मुद्दाम लिहितो.

प्लायच्या बाजू काढून टाकल्या. त्यांचा एक पाट झालाच, आई त्यावर बसून भाजी निवडते. त्याजागी बाल्सा, आणि फक्त नाकाशी, इंजिनाला आधार म्हणून, पातळ प्लाय. पंखाची दोन्ही टोकं एकेका बरगडीने आखूड केली. तो शरणागतीचा कोन जवळजवळ सपाट केला, म्हणजे विमान वळायला सांगितलं की वळेल, विचार करत बसणार नाही. पुढचं चाक काढून शेपटीला एक लहानसं चाक दिलं. पुस्तकात पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांना, एलेरॉनना, मिळून एकच सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणारी चिमुकली मोटर, दाखवलाय आणि तो लांबलचक वाकड्या तारांनी दोन्ही पट्ट्या ओढतो. असला ढिसाळपणा बघून मळमळतं. मी प्रत्येक पट्टीला तिचा तिचा सर्व्हो दिला. तू पाठवलेले दोन्ही सर्व्हो त्यात गेले. आई अजूनही त्यांना काडेपेट्याच म्हणते.

पंखाच्या आतल्या दांड्यांसाठी पाठवलेलं लाकूड मी हाताने वाकवलं आणि ते मोडलं. म्हणून जुन्या शहरात, चौकातल्या पतंगवाल्या नब्बन मियाँकडे गेलो. पतंगाच्या मधल्या ठड्ड्यासाठी तो जो बांबू तासतो, तो आजही दुसरीकडे मिळत नाही. दुकान तेवढंच, तो मात्र निम्मा झालाय. एकेक कामटी बोटावर तोलायची, दोन्ही टोकं सारखी झुकतात का बघायचं, नाही झुकली की मागे टाकायची. तासाभरात चार निवडल्या.

"पतंग के लिए तो ये बहुत लंबी है, साहब," तो म्हणाला.

"हवाई जहाज़ के लिए है।"

"अच्छा। मतलब छोटे साहब आ गए?"

म्हटलं, नाही, ते अमेरिकेत आहेत. त्यावर त्याने चाकू खाली ठेवला आणि शेजारच्या दुकानदाराला माझ्यादेखत सांगायला लागला, की या साहेबांचे चिरंजीव बारा वर्षांचे होते तेव्हा जमघटला, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी एका छतावर उभं राहून नऊ पतंग कापले होते. "हाथ बहुत साफ़ था उनका। ज़रा सा इशारा, बस।" शेजारी मान हलवत होता. मी कामट्या उचलल्या आणि निघालो. नब्बन मियाँ म्हातारा झालाय, त्याला जुनं काहीबाही आठवत असतं.

ऋचा सांगते, तुझं अजूनही तेच म्हणणं आहे, की तू हातातल्या ट्रान्समीटरची स्टिक डावीकडे दाबलीस आणि शिकरा उजवीकडे गेला. मी तेव्हाही सांगितलं होतं, वाऱ्याचा झोत आला असणार. घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं उरत नाही. सरोजिनी नगरच्या त्या मैदानावर वारा कसा यायचा ते तुला ठाऊक आहे. आता तिथे उडवतही नाही. अमौसीहून सांगणं आलं, विमानतळाच्या इतक्या जवळ हा खेळ नको. बरोबरच आहे त्यांचं. आता कुर्सी रोडपलीकडच्या खारवट माळावर जातो.

तुझा प्लॅस्टिकचा चकचकीत कागद पंखावर चढवून पाहिला. इस्त्रीने फुगे आले. उपटून टाकला. रेशमी कापड लावतोय.

बाबा


रविवार, २४ नोव्हेंबर १९९६

सत्यजित,

वजन दोन किलो साठ ग्रॅम भरलं. पुस्तकातला हसरा माणूस अडीच किलो म्हणतो. चारशे चाळीस ग्रॅम मी त्याच्या अंगावरून उतरवले, आणि मोठं इंजिन बसवूनसुद्धा. तोल साधायला बॅटरी दोनदा हलवली. पट्टी आणि पंख यांच्यामधली फट टेपने बंद केली. दिवाळीत घरात अत्तराचा नाही, पंखाच्या कापडावर फासायच्या रोगणाचा, डोपचा वास होता असं तुझी आई पाहुण्यांना सांगत होती.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुढचं लिहायचं नव्हतं. पण ऋचा तुला फोनवर सांगेलच, आणि तिच्या तोंडून तुझ्या कानावर गेलेलं मला चालणार नाही.

आज सकाळी व्हरांड्यात तपासणी केली. आपली पद्धत तुला माहीत आहे. एकाने स्टिक हलवायची, दुसऱ्याने शेपटीमागे उभं राहून मोठ्याने सांगायचं : डावा वर, उजवा खाली. ज्याने विमान बनवलं त्याने स्वतः बघायचं नाही, कारण त्याला जे दिसायला हवं असतं तेच दिसतं. क्लबात ही शिस्त मीच आणली. ती पाळली नाही म्हणून दोघांचं उड्डाण मी रद्द केलं होतं, त्यातला एक डॉक्टर होता.

मी ट्रान्समीटर घेऊन पायरीवर बसलो, ऋचा मागे उभी राहिली. स्टिक डावीकडे दाबली.

"बाबा, दायाँ ऊपर जा रहा है।"

"नीट बघ."

"देख ही रही हूँ। बायाँ नीचे है, दायाँ ऊपर। उल्टा है।"

मी म्हटलं, काही नाही, नवीन कंपनीचा सर्व्हो आहे, दुसऱ्या दिशेने फिरतो, ट्रान्समीटरवरचं एक बारीक बटण पलटलं की झालं. बटण शोधायला चष्मा कपाळावर होता तो खाली घेतला. ऋचा जागची हलली नाही. हात पंखावर ठेवून तशीच उभी.

"शिकरा में भी आपने एक दिन पहले नया सर्व्हो डाला था। पेचकस मैंने ही पकड़ाया था आपको।"

मी म्हटलं, जा, चहा टाक.

"चेक किया था, बाबा?"

"केलं होतं," मी म्हणालो.

तिने पंखावरचा हात काढला. मग आत गेली. चहा काही आला नाही. मी पुन्हा हाक मारली नाही.

बटण पलटलं आहे. आता बरोबर हलतंय. हे पत्र इथेच थांबवतो, मला आज कशाचाच धड विचार करता येत नाही.

बाबा


रविवार, ८ डिसेंबर १९९६

सत्यजित,

तुझं खोकं उडालं.

धुकं साडेदहाला उठलं. माळावर मी, ऋचा आणि क्लबाचे रिज़वी साहेब, तिघंच. तपासणी दोनदा केली, ऋचाने दोन्हीदा ओरडून सांगितलं. वीस पावलांत शेपूट उचललं आणि गेलं. सत्यजित, काय उडतं ते! स्टिक टेकवली की कलतं, सोडली की तिथेच थांबतं. आडवं धर, उलटं धर, कुरकुर नाही. सावकाश केलं तरी एका पंखावर कोसळत नाही. मी ते उलटं करून आमच्या डोक्यावरून नेलं तेव्हा रिज़वी साहेबांनी टोपी काढली. तू म्हणाला होतास काही बदलू नका. मी सगळं बदललं आणि ते पाच पट चांगलं झालं. दहा मिनिटं मला या जगात कशाचीही किळस नव्हती.

मग उतरवलं. रिज़वी साहेब म्हणाले, "आगटे साहब, आपके हाथ में जादू है।"

ते ऐकलं आणि मला माझीच ओकारी आली. उपमा म्हणून लिहीत नाही. ऋचाने पाणी दिलं. तिला वाटलं ऊन लागलं. डिसेंबरात.

मी तुला खोटं लिहिलं. ऋचाला खोटं सांगितलं. आता जे झालं ते लिहितो, मधे थांबलो तर पुन्हा वाऱ्याची गोष्ट सांगेन.

१२ नोव्हेंबर १९८९. आदल्या संध्याकाळी मी शिकऱ्याचा सर्व्हो बदलला, कारण जुना गुरगुरत होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे लवकर आले. ते हवाई दलातून निवृत्त झालेले मोठे साहेब, दोनदा घड्याळ बघून झालं होतं. मला त्यांच्यासमोर शिकरा उडायला हवा होता. माझ्या मुलाने उडवायला हवा होता. तू धावपट्टीवर बसून मला विचारलंस, "बाबा, एकदा हलवून बघू का?" मी म्हणालो, "मी बघितलंय."

मी बघितलं नव्हतं.

तू डावीकडे दाबलंस, तो उजवीकडे गेला. तू आणखी डावीकडे दाबलंस, कुणीही दाबील, आणि तो आणखी उजवीकडे झुकून जमिनीत गेला. तुझी स्टिक शेवटपर्यंत डावीकडे होती. ती मी पाहिली होती. मी तुझ्या शेजारी उभा होतो. आणि तरी मी वळून त्या खुर्च्यांकडे बघत ते पतंगाचं वाक्य म्हणालो. लोक हसले. पाहुणेसुद्धा हसले. तू ट्रान्समीटर बंद केलास, अँटेना खाली केलीस, पट्टा गळ्यातून काढून माझ्या हातात दिलास. अठरा वर्षांच्या मुलाने तो आपटला असता तर मला बरं झालं असतं.

आता खरी घाण ऐक. संध्याकाळी मागच्या खोलीत मी एकटा त्या ढिगाऱ्याशी बसलो. बॅटरी जिवंत होती. तारा जोडल्या. स्टिक डावीकडे दाबली. तुटलेल्या पंखावरची उजवी पट्टी वर गेली. मी चार-पाच वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी उजवीच. मग मी ती तार उपटली, सर्व्हो काढला आणि खिशात टाकला, कुणी बघायला नको म्हणून. कोण बघणार होतं? तू गच्चीवर होतास. मग हात धुतले आणि गच्चीच्या जिन्याशी येऊन तुला हाक मारली, "जेवायला ये, झालं ते झालं." तुला क्षमा केल्याच्या थाटात. तू खाली आलास. तुझ्या ताटात वरण-भात होता आणि तू म्हणालास, "सॉरी बाबा."

मी म्हणालो, "असू दे."

हे मी सात वर्षं पोटात घेऊन जेवतोय. त्याच्या पुढच्या जूनमध्ये एरोनॉटिकलची सीट आली ती तू सोडलीस आणि पुण्याला कम्प्युटरला गेलास, तेव्हाही मी बोललो नाही. लोकांना सांगितलं, मुलाला गोडी राहिली नाही. आईने मला विचारलं होतं, तुम्ही त्याला काही बोललात का? तिच्यावरही ओरडलो.

तू म्हणतोस, चारचौघांत परत घ्या. बरोबर म्हणतोस. जे चारचौघांत बोललं ते पत्रातून परत घेता येत नाही. ५ जानेवारीला क्लबाची वार्षिक बैठक आहे, तेव्हाचे बहुतेक सगळे अजून येतात. तिथे उभा राहून सांगेन. मला भीती वाटते आहे. वीस वर्षं मी त्या लोकांचे कान उपटत आलो तपासणीवरून.

बाबा


सोमवार, ६ जानेवारी १९९७

सत्यजित,

काल सांगितलं. आणि जे झालं त्याने मला इतका उबग आला आहे की रात्र जाऊ दिली, मग लिहायला बसलो.

माळावरच बैठक होती. अकराला ऊन आलं. सतरंजी, पंधरा-सोळा जण, ताज्या मटारची घुगनी आणि चहा. ऋचा माझ्यासोबत होती. हिशोब, निवडणूक, सगळं नेहमीचं झालं. 'और कुछ?' असं रिज़वी साहेबांनी विचारल्यावर मी उभा राहिलो. मी भाषण पाठ केलं होतं. माझ्या हिंदीला हे लोक अजून हसतात, म्हणून ऋचाकडून तपासून घेतलं होतं.

सांगितलं की १९८९ च्या वार्षिक दिवशी शिकरा पडला, तो माझ्या मुलामुळे पडला नाही. एलेरॉन उलटे होते. सर्व्हो मी बदलला होता, तपासणी मी केली नव्हती, त्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आणि इथे, तुम्हा सगळ्यांसमोर, मी त्याच्याबद्दल जे बोललो, ते मी परत घेतो.

खाली बसणार होतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, लाज वाटते आहे त्यांना माझी. मग रिज़वी साहेब घसा खाकरून म्हणाले, "माफ़ कीजिएगा आगटे साहब, कौन सा शिकरा?"

मी सांगितलं. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, सरोजिनी नगरच्या मैदानावर.

"अच्छा, वो पीला वाला! वो तो नीम के पेड़ में फँसा था।"

"वो मेरा था," डॉक्टर मिश्रा म्हणाले. "और नीम नहीं, शीशम।" मग त्या दोघांची झाडावरून जुंपली. तिसऱ्या कुणाला पाहुण्यांच्या पत्नीची शाल आठवत होती, तिच्यावर इंजिनाचं तेल उडालं होतं. चौथा म्हणाला, त्या वर्षी वार्षिक दिवसच झाला नव्हता. मी ओरडलो, आठ सेकंदांत जमिनीत गेला, पाहुण्यांसमोर! तेव्हा रिज़वी साहेबांचा चेहरा उजळला.

"हाँ हाँ, याद आया! लेकिन आगटे साहब, वो तो आप ही उड़ा रहे थे न?"

दोघा-तिघांनी मान हलवली. हो हो, आगटे साहबच उडवत होते. त्या दिवशी त्यांचा हात जरा चुकला होता.

मी म्हटलं, नाही, माझा मुलगा उडवत होता. "तो क्या हुआ," एक जण म्हणाला, "बच्चों से गिर ही जाता है।" मी म्हटलं, बच्चे से नहीं गिरा, मुझसे गिरा! माझा आवाज फाटला. कुणीतरी मला हाताला धरून सतरंजीवर बसवलं. बिटिया की शादी है, टेंशन रहता है, असं कुजबुजणं मला ऐकू आलं. रिज़वी साहेबांनी स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. चांगली माणसं आहेत. त्या चांगुलपणाची मला इतकी किळस आली की पेला तसाच मातीत ओतला.

परतताना स्कूटरवर ऋचा मागे बसली होती. निशातगंजच्या पुलावर म्हणाली, "बाबा, उनको तो कुछ याद ही नहीं।" आणि रडायला लागली. मला वाटलं होतं ती समाधान पावेल.

मी रात्रभर तेच घोळवत होतो. ज्या चौघांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून मी तुला मान खाली घालायला लावली, त्या चौघांच्या लक्षात तूही नाहीस, शिकराही नाही, आणि माझं ते वाक्यही नाही. ते घरी गेले आणि विसरले. तुझं नाव तिथे कधी खराब झालंच नव्हतं. ते खराब झालं ते आपल्या चार खोल्यांत. तिथे तुला नालायक समजणारा कुणी होता तर तो मी, आणि मलाच खरं काय ते माहीत होतं.

तेव्हा चारचौघांत परत घ्यायचं ते घेऊन झालं आणि त्याचा काही उपयोग नाही. जिथे ते लागलं तिथेच ते परत घ्यायला हवं. काल जेवताना तुझ्या आईला सगळं सांगितलं, ऋचासमोर. आईने ताट बाजूला सारलं आणि मला विचारलं, "त्याने सॉरी म्हटलं, तेव्हा तुम्ही असू दे म्हणालात?" मी हो म्हटलं. ती उठून गेली. आज सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि या वेळी मी तिची समजूत काढायला जाणार नाही.

आता तुला. सत्यजित, चूक माझी होती. पहिली घाईने झाली, ती एक वेळ कुणाचीही होईल. बाकीच्या सगळ्या मी शुद्धीत केल्या. तुझा हात साफ होता. त्या आठ सेकंदांतही तू बरोबर तेच करत होतास जे करायला हवं होतं. मला माफ कर असं मी लिहीत नाही, कारण मग तुला परत 'असू द्या' म्हणावं लागेल, आणि तो शब्द मी तुझ्याकडून ऐकण्याच्या लायकीचा नाही.

लग्नाला ये किंवा नको येऊस. ये, असं सांगायचा हक्क आईला आहे, ऋचाला आहे. तू आला नाहीस तर लाजाहोमाच्या वेळी ऋचाच्या शेजारची जागा रिकामी राहील. भटजी विचारतील, मुलीचा भाऊ कुठे आहे? वेदांतची माणसं माना वळवतील, मिरजेचे सगळे माझ्याकडे बघतील. त्या वेळी मी म्हणणार नाही की त्याला सुट्टी मिळाली नाही. मी उभा राहीन आणि सांगेन.

बाबा